अकरा पानं

आमच्या घरी सर्वपित्रीला पितरांची पानं वाढून झाली की पडवीत आणखी अकरा पानं मांडतात. ती आमच्या पितरांची नाहीत. खीर, वडे, अळूची भाजी, कढी, सगळं असतं. पण या अकरा पानांवर दोन जिन्नस जास्तीचे असतात : मोड आलेल्या मटकीची उसळ आणि लिंबाची भली मोठी फोड. श्राद्धाला उसळ कुठली, म्हणून भावकीतल्या बायका नाक मुरडायच्या. आजी ऐकून घ्यायची आणि वाढत राहायची. तिच्या सासऱ्यांनी ही रीत घालून दिली होती.

ते माझे पणजोबा. १०३व्या मराठा लाइट इन्फंट्रीत, म्हणजे जंगी पलटणीत जमादार. पहिल्या महायुद्धात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकले आणि पुढे तुर्कांच्या कैदेतून १९१९ मध्ये जिवंत परत आले. त्यांच्या हाताखालची, आपल्याच मुलखातली अकरा माणसं आली नाहीत. त्यांतला एकही गोळीनं गेला नव्हता. घरी आल्यावर जमादारांनी पंधरा दिवसही विसावा घेतला नाही. अकरा घरी निरोप सांगायला चालत गेले. आजी ती सगळी वाट गावांच्या क्रमानं सांगायची. यंदा सर्वपित्रीच्या आधीचे तीन दिवस हाताशी ठेवून मी आणि माझे थोरले चुलते आप्पा, वय वर्षं ७८, त्या वाटेवरची जमतील तेवढी घरं शोधायला निघालो.

गुरुवार : पाडळी

सप्टेंबरचे दिवस. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर कासला फुलं बघायला निघालेल्या गाड्यांची रांग लागली होती. आम्ही बरोबर उलट्या दिशेला, पूर्वेला निघालो. १९१९ मध्ये साताऱ्याचा उतारू शहरापासून लांब, पाडळीला म्हणजे सातारा रोड स्टेशनावर उतरायचा. जमादारही तिथंच उतरले. आजीच्या सांगण्यात प्रवास नेहमी इथून सुरू व्हायचा : "मामंजी गाडीतनं उतारलं आन् पयल्यांदा हिरीवर जाऊन पाणी प्यालं."

विहीर कुठली ते कोण सांगणार? पण जरंडेश्वराचा डोंगर आहे तिथंच आहे. चार वर्षांनी परतलेल्या माणसाला तो आधी दिसला असणार, एवढं धरून आम्ही रस्त्याकडेला थांबलो. शेजारच्या रानात घेवडा काढणीला आला होता. कोरेगावचा वाघ्या घेवडा, दाण्यावर लालसर रेघा असलेला. आप्पांनी एक शेंग फोडून दाणे तळहातावर घेतले आणि म्हणाले, "हा भिजवला तर मोड येतील. डाळीला येत न्हाईत."

आमच्या अकरा पानांचं सारं मूळ या एका वाक्यात आहे, म्हणून इथं थोडं थांबतो.

नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोनला जनरल टाउनशेंडच्या सहाव्या पुणे डिव्हिजनची मोठी हानी झाली. मागं हटत हटत ती तैग्रिसच्या वळणातल्या कुत गावात आली आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुर्कांनी तिला वेढलं. नाताळच्या आदल्या दिवशी त्यांनी किल्ल्यावर जोराचा हल्ला केला, तो परतवला गेला. त्यानंतर शत्रूला घाई नव्हती. आतल्यांचं पीठ संपायची वाट बघत तो बसला. बाहेरून सुटकेचे प्रयत्न झाले, त्यांत सुमारे २३,००० माणसं मारली गेली किंवा जखमी झाली, तरी वेढा फुटला नाही. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३,००० जण शरण गेले.

आतला मोठा शत्रू होता स्कर्व्ही. हिरड्या सुजतात, काळ्या पडतात, त्यांतून रक्त येतं, गुडघे धरतात, बरी झालेली जखम पुन्हा उकलते. ताजी भाजी नाही, फळ नाही, मांस नाही, की काही आठवड्यांनी हे सुरू होतं. गोऱ्या शिपायांना ताजं मांस मिळत होतं, घोड्याचं. त्यांच्या पांढऱ्या पावात दुसरंच कमी होतं, म्हणून त्यांना बेरीबेरी या दुसऱ्या कुपोषणाच्या रोगानं गाठलं. आपल्या लोकांना पिठानं बेरीबेरीपासून वाचवलं आणि भाजीवाचून स्कर्व्हीनं धरलं. एकाच गावात, एकाच वेढ्यात, ताटातल्या फरकानं दोन वेगळे रोग.

पुढं लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी बायकांनी दाखवून दिलं की वाळलेलं कडधान्य भिजवून मोड आणले की त्यात स्कर्व्ही रोखणारा गुण परत येतो. अट एकच : दाणा सालासकट अख्खा हवा. पलटणीला मिळायची ती डाळ, भरडलेली. ती कितीही भिजवा, कुजेल, पण मोड यायचा नाही. जमादारांना हे कैदेतून सुटल्यावर, परतीच्या वाटेवरच्या दवाखान्यात कळलं. आपल्या मुलखात घरोघरी फडक्यात बांधून ठेवलेली मटकी! आजी म्हणायची, ते ऐकल्यावर मामंजी दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

पाडळीच्या परिसरातलं पहिलं घर सापडलं नाही. विचारलेल्या चार म्हाताऱ्यांपैकी एकानं आडनाव ओळखलं, पण ती माणसं कधीच मुंबईला गेली. संध्याकाळी पावसाची सर आली आणि आम्ही साताऱ्याला मुक्कामाला परतलो.

शुक्रवार : अपशिंगे

महामार्ग सोडून आत वळलं की उसाच्या रानांतून रस्ता अपशिंग्याला जातो. कागदोपत्री नावच अपशिंगे (मिलिटरी). पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान कामी आले. आजही घरटी एक तरी माणूस फौजेत आहे किंवा होता. भल्या सकाळी पोरं रस्त्यानं पळत होती, भरतीच्या तयारीची. त्यांच्या बाजूनं आमची गाडी हळू नेली.

स्मारकापाशी आप्पांनी चपला काढल्या. मी त्या ४६ आकड्याचा विचार करत उभा राहिलो. आकडा मोठा आहे म्हणून गावाचं नाव झालं, हे खरं. पण आकडा मला सलतो, त्याचं कारण इराकमध्ये आहे. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि थडगं माहीत नसलेल्या ४०,५०० हून जास्त माणसांसाठी बसऱ्याला स्मारक उभारलं गेलं. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली आहेत. हिंदी पलटणींतल्या अधिकाऱ्यांची नावंही कोरली. हिंदी शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा दिला : अधिक इतके. म्हणजे आमचे जमादार तिथं मेले असते तर त्यांचं नाव दगडावर आलं असतं. त्यांची माणसं मेली, तर ती बेरजेत गेली. हा अन्याय मला वाचून माहीत होता. स्मारकासमोर अनवाणी उभ्या आप्पांकडे बघताना तो पहिल्यांदा अंगाला लागला.

पारावर एक निवृत्त सुभेदार बसले होते. आम्ही कशासाठी फिरतोय ते आप्पांनी सांगितलं. त्यांनी लगेच चहा सांगितला आणि हुद्दा विचारावा तसं विचारलं, "जमादार म्हंजे आताचा नायब सुभेदार. किती माणसं असतील हाताखाली?"

मी म्हटलं, "नक्की माहीत नाही. आपल्याकडची अकरा गेली."

"आजारानं?"

"सगळी."

ते बराच वेळ गप्प राहिले. मग स्वतःचं सांगितलं. त्यांच्या हाताखालचा एक पोरगा, विशीतला, युद्ध नाही काही नाही, काविळीनं गेला. "गोळीनं गेला तर मानूस बापाला तोंड दावतो. तुमचा पोरगा पुढं व्हता म्हनतो. काविळीनं गेला म्हनून काय सांगायचं? मी त्येला दोन दिस आधी दवाखान्यात का न्हाई धाडला, हे त्येच्या बापानं इचारलं न्हाई. म्या सोताला इचारतो. रोज इचारतो." हे सांगताना त्यांनी कप खाली ठेवला होता, तो पुन्हा उचललाच नाही.

जमादारांच्या मनात काय होतं ते मला आजीकडून कळत आलं होतं. त्या सकाळी ते एका जिवंत माणसाच्या तोंडून ऐकलं. हाताखालच्या माणसाचा ताप हा अधिकाऱ्याचा ताप असतो. कुतमध्ये जमादारांजवळ औषध नव्हतं. होतं ते एवढंच : रोज सकाळी रांगेत प्रत्येकाला तोंड उघडायला लावून हिरड्या बघणं. ज्याच्या काळ्या पडल्या त्याला रात्रीच्या पहाऱ्यातून वगळायचं आणि त्याच्या जागी आपण उभं राहायचं. पाऊस आणि पुरानं खंदकांत गुडघाभर पाणी. विमानातून भाज्यांचं बी टाकलं होतं, ते या शेतकऱ्यांच्या पोरांनी पेरलं, राखलं. पण एवढ्या तोंडांना ते किती पुरणार? मग नदीकाठचा रानपाला खुडून शिजवायचा. त्यात विषारी पाला आला की पोट धरून लोळायचे. आपल्याकडं जमिनीलगत घोळीची भाजी पसरते, ती दिसली की म्हातारपणीसुद्धा जमादार वाकून एक देठ तोडायचे, चावून बघायचे आणि मगच पुढं जायचे. हे आप्पांनाही पुसट आठवतं. ते तेव्हा चार वर्षांचे असतील.

सुभेदारांनीच आम्हाला त्या घरी नेलं. अकरांतलं हे घर नांदतं आहे. मृताच्या चुलत नातवानं कपाटातून एक पिशवी काढली आणि तिच्यातून ब्राँझची गोल, तळहातापेक्षा मोठी तबकडी. युद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी सरकारनं ती पाठवली होती. सिंहाशेजारी हातात पानांचा गोल हार घेतलेली बाई, आणि एका चौकटीत नाव. हुद्दा नाही. हुद्दा मुद्दाम घातला नव्हता, म्हणजे मेलेला सुभेदार आणि मेलेला शिपाई सारखे.

घरातल्या बाई म्हणाल्या, "लई वर्सं दुधाच्या पातेल्यावर झाकान म्हनून व्हती. आमाला काय ठाव. मग मुलगा भरती झाला, त्येनं वाचलं आन् पिशवीत ठेवली."

मी नावावरून बोट फिरवलं. आजीनं सांगितलेलं नाव, तेच, तिच्याच उच्चाराचं, इंग्रजी अक्षरांत थोडं वाकडं झालेलं. आप्पांनी विचारलं, "आमचं मामंजी तुमच्याकडं आलं व्हतं, त्येची काय आठवन?" आजीच्या तोंडचा शब्द त्यांच्याही तोंडी तसाच आला. घरातल्यांना एवढंच माहीत होतं : पलटणीचा एक माणूस आला होता, उंबऱ्याबाहेरच बसला, पाणी घेतलं, जेवला मात्र नाही.

जेवले का नाहीत, हे मला दुसऱ्या दिवशी समजलं.

शनिवार : पाल आणि तारळीकाठ

काशीळजवळून आत, तारळी नदीच्या काठावर पालीचा खंडोबा. पौषात इथं खंडोबा-म्हाळसेच्या लग्नाची यात्रा भरते, तेव्हा माणूस मावत नाही. पितृपक्षातल्या शनिवारी मात्र देवळात पाचपंचवीसच माणसं. दगडी फरशीवर सांडलेला भंडारा पावसानं ओला होऊन घट्ट बसला होता.

जमादार घरी आल्यावर आठव्या दिवशी इथं आले. निरोपाची घरं त्यांनी त्यानंतर घेतली. कारण त्यांनी घोडं खाल्लं होतं.

इंग्रजी लिखाणात या गोष्टीचा उल्लेख असतो तो असा : हिंदी शिपायांनी धर्माच्या समजुतीपायी घोड्याचं मांस नाकारलं, त्यामुळं त्यांना स्कर्व्ही झाली. त्यात खोटं काही नाही, पण ते बाहेरून बघणाऱ्याचं वाक्य आहे. आमच्याकडचा मराठा बोकड खातो, कोंबडं खातो. घोडा खात नाही, कारण घोड्यावर देव बसतो. चैत्रात, पौषात, ज्याच्या पायाला हात लावून पोरगं मोठं झालं, तो घोडा. शिवाय मागं गावात भावकी आहे. लेकीबाळींची लग्नं व्हायची आहेत. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी तारेनं मागवली गेली, ती आली. पण तार आली म्हणजे घास उतरतो असं नाही. मला या माणसांचा राग कधीच आला नाही. भाकरीपेक्षा मोठं काही त्यांच्याजवळ होतं आणि ते त्यांनी शेवटपर्यंत धरून ठेवलं.

एप्रिलमध्ये पिठाचा रोजचा वाटा चार-पाच औंसांवर आला, ओंजळीत मावेल एवढा. तेव्हा जमादारांनी सगळ्यांसमोर बसून घोड्याचं मांस खाल्लं. हुकूम दिला नाही. "पाप माझ्या माथ्यावर," म्हणाले, आणि खाल्लं. आजी सांगायची की त्या अकरांपैकी सात जणांनी त्यांच्या मागोमाग घास घेतला. चौघांनी घेतला नाही. ते चौघे कुतमध्येच गेले. एकाचं डोकं जमादारांच्या मांडीवर होतं.

उरलेल्या सातांचं काय झालं, हे त्यांनी पाहिलंच नाही. शरणागतीनंतर अधिकाऱ्यांना शिपायांपासून वेगळं काढलं. अधिकारी बोटीनं बगदादकडे, आणि आमांश लागलेले, सुजल्या पायांचे शिपाई वाळवंटातून पायी, पुढं रास-अल-ऐनच्या रेल्वेकामापर्यंत. बोट सुटताना किनाऱ्यावर त्यांची माणसं बसलेली होती. जमादार आयुष्यभर म्हणत, मी त्यांना घोडं खायला लावलं, त्यांचा धर्म घेतला, आणि मग त्यांना सोडून बोटीत बसलो. बसवलं गेलं, असं ते कधी म्हणाले नाहीत.

इथं पालला त्यांनी काय केलं ते आजीला माहीत नव्हतं. पुजाऱ्यानं प्रायश्चित्त सांगितलं की नाही, तेही माहीत नाही. इतकं खरं की त्यानंतर ते अकरा घरांत गेले आणि एकाही घरी जेवले नाहीत. आपण बाटलेलो आहोत, कुणाच्या ताटाला शिवायचं नाही, हे एक. आणि दुसरं, आजी खालच्या आवाजात सांगायची ते : ज्याला आपण खायला घालू शकलो नाही त्याच्या आईच्या हातचं कसं खायचं?

दुपारी तारळीच्या काठानं आम्ही एका वाडीवर गेलो. इथलं घर पडलेलं आहे. दगडी जोतं, त्यावर घाणेरी माजलेली, आणि एका कोपऱ्यात जात्याची खालची तळी. शेजारच्यांनी सांगितलं की गिरणीत कामाला गेलेली माणसं परत आली नाहीत. जमादार आले तेव्हाही घर अर्धं रिकामं होतं. १९१८ च्या पावसाळ्यानंतर मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ आली, तिच्यात बाप आणि सून दोघं गेले होते. जमादारांना वेशीवरच कळलं. अकरांपैकी कितीतरी घरांत असंच झालं होतं. ते लढाईतल्या मरणाचा निरोप घेऊन जायचे आणि घरात आधीच सुतक फिटलेलं असायचं.

या घरात फक्त म्हातारी उरली होती. चौघांतल्या एकाची आई. त्यानं घोडं खाल्लं नव्हतं. जमादार उंबऱ्याबाहेर बसले, सांगायचं ते सांगितलं. ताप आला होता, यातना झाल्या नाहीत वगैरे काही नाही. जे झालं तेच. म्हातारी रडली नाही. तिनं एवढंच विचारलं,

"जेवला व्हता का रं?"

जमादार म्हणाले, "व्हय, जेवला व्हता."

आजी म्हणायची, अकरा घरांत मामंजी एवढं एकच खोटं बोलले.

आप्पा त्या जोत्यावर बसून राहिले. मी जात्याच्या तळीवरचं पाणी हातानं काढून टाकलं. नदीला गढूळ पाणी होतं आणि पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हशी धूत होतं. आम्ही निघालो तेव्हा आप्पांनी त्या म्हातारीच्या मुलाचं नाव एकदा मोठ्यानं घेतलं. इथं मी ते लिहीत नाही, बाकीचीही नाही. अजून बाकीची घरं शोधायची आहेत आणि त्यांच्या माणसांना विचारल्याशिवाय ती चारचौघांत मांडायचा हक्क मला नाही.

रविवार, सर्वपित्री : माहुली आणि घर

पहाटे संगम माहुलीला गेलो. वेण्णा कृष्णेला मिळते तो घाट तर्पणाला आलेल्या माणसांनी भरला होता. या काठावर छत्रपती शाहू महाराजांची समाधी आहे, त्यांच्या खंड्या कुत्र्याचीही आहे. इमानाला इथं दगड मिळाला, याचा मला आनंद आहे. आप्पांनी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून आपल्या पितरांना पाणी दिलं आणि मग अकरा नावं घेतली. प्रत्येक नावाला एक ओंजळ. सातव्या-आठव्या नावाला त्यांचा आवाज बसला, तेव्हा मी शेजारी उभा राहून पुढची घेतली. मला ती पाठ आहेत हे मलाच तिथं कळलं.

घरी पोचलो तेव्हा स्वयंपाक होत आला होता. माझी चुलतबहीण परवाच मटकी भिजवून गेली होती. मोड बोटाच्या पेराएवढे लांब आले होते. पडवी सारवलेली. केळीची पानं पुसून मांडली. आप्पा भिंतीला टेकून बसले, ओलं धोतर अजून बदललं नव्हतं, आणि एकेका पानाकडे बघत वाढणाऱ्या सुनेला सांगत होते, "उसळ जरा जास्त घाल. त्या कडंच्या पानावर लिंबू न्हाई पडलं, बघ."